अंधारीतले एकशेवीस परिच्छेद: मराठी गेमबुक कागदावर रचण्यापासून मोबाइलवर नेईपर्यंत

ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या हाती इंग्रजी गेमबुकं पडली, म्हणजे ‘आत शिरायचं असेल तर ९४ वर जा’ असं सांगत पुढचा परिच्छेद वाचकालाच निवडायला लावणारी पुस्तकं, त्यांना तीन गोष्टी हमखास आठवतात: खोडून खोडून पातळ झालेला नोंदीचा कागद, सापशिडीच्या डब्यातून पळवलेले फासे, आणि चार पानांत अडकवून ठेवलेली चार बोटं. निवड चुकली तर परत यायची सोय. १९७९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ मालिकेत नुसत्या निवडी होत्या. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’नं ४०० परिच्छेदांच्या भुयारात फासे, बळ आणि नशीब आणलं. पुढं ही पुस्तकं मोबाइलवर आली, तेव्हा फासे यंत्रानं टाकले, हिशेब यंत्रानं ठेवला आणि बोटाला काम उरलं नाही. बऱ्याच डिजिटल आवृत्त्या फिक्या वाटतात त्या इथंच.

म्हणून या लेखात आधी कागद, मग पडदा. १२० परिच्छेदांचं, एका किल्ल्यात घडणारं, एका दुपारी खेळून होणारं मराठी गेमबुक कसं रचायचं, तपासायचं, छापायचं आणि मोबाइलवर न्यायचं, ते पाहू. ४०० परिच्छेदांच्या नादी पहिल्या खेपेला लागू नका. असे कारखाने साधारण दीडशेव्या परिच्छेदाला बंद पडतात.

साहित्य थोडंच लागतं. एक दोनशेपानी वही, ड्रॉइंगचा मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर, १२० चिठ्ठ्या आणि दोन फासे. संगणक नंतर लागेल, तोही रोज नाही.

जागा: किल्ला म्हणजे अर्धं काम झालेलं

मराठवाड्यात राहणाऱ्याला कल्पनेतलं भुयार शोधत बसायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून साधारण १५ किलोमीटरवरचा देवगिरी, म्हणजे दौलताबाद, पाहा. तटामागं तट, वळणं घेत जाणारे दरवाजे, तासून उभा केलेला कडा, खाली खंदक, खंदकावर एकच अरुंद वाट आणि मग डोंगराच्या पोटातून चढणारा काळोखा, वळणावळणाचा मार्ग, म्हणजे अंधारी. तिच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून वर जाळ करायचा आणि खालून येणाऱ्यांना धूर-उष्णतेनं कोंडायचं, अशी व्यवस्था होती. शत्रूला चुकवणं, निवड करायला लावणं आणि चुकीच्या निवडीला जबर किंमत मोजायला लावणं, हे त्या बांधणाऱ्यांचं काम होतं. गेमबुक लिहिणाऱ्याचंही तेच आहे.

किल्ला तोच हवा असं नाही. नळदुर्गला बोरी नदीच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. भिंतीवरून पाणी कोसळतंय आणि आत आपण उभे, याहून चांगला प्रसंग कुठं मिळणार? वालूरची चक्राकार बारव एकट्या तीस परिच्छेदांना पुरेल. परांड्याचा भुईकोट, औसा, उदगीर, कंधार आहेतच.

प्रत्यक्ष जाऊन पाहताना वहीत चारच गोष्टी टिपा: वाट कुठं फुटते, कुठं वाकावं लागतं, उजेड कुठून येतो, आणि उभं राहिलं तर काय ऐकू येतं. वटवाघळांचा वास, पायरीची असमान उंची, भिंतीचा गारवा हे तपशील घरी बसून सुचत नाहीत. पुस्तकात मात्र किल्ल्याला वेगळं नाव द्या. खरं नाव ठेवलं की वाचक दरवाजे मोजायला लागतो आणि तुमचा हात बांधला जातो. आणखी एक: जिथं आजही दिवा लागतो, ऊद जळतो, चादर चढते, तिथं राक्षस बसवू नका. किल्ल्यात मोकळ्या जागा पुष्कळ आहेत.

सांगाडा

नवख्याचा पहिला आराखडा झाडासारखा फुटत जातो. प्रत्येक परिच्छेदातून दोन नव्या वाटा काढल्या, तर सातव्या निवडीनंतर १२८ वेगवेगळे शेवट होतात. सुरुवातीपासून एकूण २५५ परिच्छेद लिहावे लागतात आणि वाचक त्यातले एका खेळात फक्त ८ वाचतो. एवढं लिहून कुणाच्या पदरात काय पडलं?

उपाय म्हणजे वाटा फोडायच्या आणि परत एकत्र आणायच्या. सगळ्या वाटा जिथं पुन्हा भेटतात त्या परिच्छेदाला ‘गळा’ म्हणू. १२० च्या पुस्तकात चार गळे पुरतात: मुख्य दरवाजा, खंदकावरची वाट, अंधारीचं वरचं तोंड, बालेकिल्ल्याचा चौक. दोन गळ्यांमध्ये वाटा हव्या तितक्या फुटू द्या. वाटपाचा चालणारा हिशेब असा: तट आणि दरवाजे ३५, अंधारी ४५, बालेकिल्ला २५, मरणाचे परिच्छेद १२, शेवटाचे ३. शेवट तीन ठेवायचे कारण एकच विजय असला की पुस्तक दुसऱ्यांदा उघडलं जात नाही.

गळ्यावर एक धोका असतो. डावीकडून गेलो काय, उजवीकडून गेलो काय, शेवटी तिथंच आलो, हे वाचकाला कळलं की निवडीचा कंटाळा येतो. त्यामुळं प्रत्येक वाटेनं गळ्यापर्यंत काहीतरी बरोबर न्यायला हवं: जखम, वस्तू, किंवा टिपून ठेवलेला शब्द. डावीकडच्या बोळातून येणाऱ्याला किल्ली मिळाली, उजवीकडून येणाऱ्याला राखणदाराची ओळख झाली. दोघं एकाच चौकात उभे आहेत, पण तिथून पुढं त्यांचे दरवाजे वेगळे.

‘टिपून ठेवलेला शब्द’ ही युक्ती जरूर वापरा. ‘तू राखणदाराला भाकरी दिली होतीस का?’ असं पुढं विचारलं की न दिलेल्यालाही कळतं की द्यायला हवी होती. त्याऐवजी भाकरी दिलेल्या परिच्छेदात ‘वटवाघूळ हा शब्द लिहून ठेव’ एवढंच सांगा आणि पुढं ‘वटवाघूळ लिहिलं असेल तर १०३ वर जा’ म्हणा. शब्दाचा आणि घटनेचा अर्थानं संबंध नको. असे शब्द दहाच्या वर नेले तर नोंदीचा कागद किराणा यादी होतो.

लबाडी रोखायची जुनी युक्ती म्हणजे आकडा लपवणं. किल्लीवर १७ कोरलेलं आहे. दारापाशी मजकूर म्हणतो: ‘किल्ली असेल तर तिच्यावरचा आकडा ६० मध्ये मिळव आणि तो परिच्छेद उघड.’ ज्याच्याकडं किल्ली नाही त्याला ७७ सापडत नाही. ६१ ते ८० मधले बाकीचे परिच्छेद मात्र तपासून घ्या. अंदाजानं उघडणारा चुकून खजिन्यात पोहोचायला नको.

नियम आणि फाशांचा हिशेब

फायरटॉपच्या घराण्यातल्या पुस्तकांचा नियम सोपा आहे. दोन फाशांची बेरीज अधिक तुमचं कसब, विरुद्ध दोन फाशांची बेरीज अधिक शत्रूचं कसब. ज्याचं कमी, त्याचं बळ दोननं घटतं. बरोबरी झाली तर कुणाचंच नाही. बळ शून्य म्हणजे संपलं. नशीब अजमावताना दोन फासे टाकायचे. बेरीज नशिबाएवढी किंवा कमी आली तर साधलं. आणि प्रत्येक वेळी, साधो वा न साधो, नशीब एकनं कमी करायचं.

मूळ पुस्तकांत कसब एका फाशावर सहा मिळवून ठरतं, म्हणजे ७ ते १२. इथंच मोठी खोट आहे. कसब समसमान असेल तर एका फेरीत जिंकायची शक्यता ४४ टक्के, हरायचीही तेवढीच, बाकी बरोबरी. कसब दोननं जास्त असेल तर ६६ टक्के, दोननं कमी असेल तर २४. चारनं कमी असेल तर १० टक्क्यांच्याही आत. पहिल्याच फाशाला १ पडलेल्या वाचकाचं पुस्तक तिथंच संपलेलं असतं, फक्त ते त्याला तासाभरानं कळतं. आपल्या पुस्तकात कसब सगळ्यांना ९ द्या. बळ मात्र फाशांवर ठेवा, दोन फासे अधिक १२. नशीब एक फासा अधिक ६.

शत्रू ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याच्या बळापेक्षा त्याचं कसब फार महाग पडतं. वाचकाचं कसब ९ धरून हिशेब पाहा. कसब ७, बळ ६ असलेला पहारेकरी सरासरी २ बळ खातो. कसब ९, बळ ८ असलेला सरासरी ८ खातो. आणि कसब ११, बळ ८ असलेला सरासरी २२ खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त वाचक तिथंच संपतात, कारण सुरुवातीचं सरासरी बळ १९ आहे. केवळ कसब दोन-दोननं वाढवलं आणि २, ८, २२ असा प्रवास झाला. त्यामुळं ११ कसबाचा शत्रू ठेवायचाच असेल तर त्याला टाळायची वाट किंवा त्याचं कसब उतरवणारी वस्तू आधी कुठंतरी ठेवा. खऱ्या वाटेवरच्या सगळ्या लढायांची सरासरी किंमत १२ च्या आत राहील असं बघा आणि प्रत्येकी ४ बळ परत देणाऱ्या दोन भाकरी बरोबर द्या.

नशिबाचंही असंच. नशीब ९ असताना साधायची शक्यता ८३ टक्के, ८ ला ७२, ७ ला ५८, ६ ला ४२. ऐकायला बरं वाटतं. पण ९ नशिबाच्या माणसाला लागोपाठ तीनदा अजमावायला लावलं, तर तिन्ही वेळा साधायची शक्यता फक्त ३५ टक्के. एका वाटेवर जीवावरचं नशीब एकदाच अजमावू द्या. बाकी वेळी हुकलं तर बळ जावं, वस्तू हरवावी, जीव नको.

फासे नसतील तर? सहा चिंचोके अर्धे करून घ्या, एक बाजू पांढरी, एक काळी. सहाही टाका आणि पांढरे मोजा. दोन्ही बाजू सारख्याच पडत असतील, तर ३ किंवा जास्त पांढरे पडायची शक्यता ६६ टक्के आणि ४ किंवा जास्तची ३४ टक्के. सोप्या परीक्षेला ‘तीन’, अवघडला ‘चार’ असा नियम करता येतो. चिंचोके खरे आहेत का ते आधी तपासा: सहाही ५० वेळा टाका, म्हणजे ३०० पडतील, पांढरे १३० ते १७० च्या दरम्यान यायला हवेत. नाही आले तर फुगीर बाजू दगडावर आणखी घासा. वर्गात खेळवायचं असेल तर ० ते ९ आकड्यांचा दहा बाय दहाचा तक्ता छापून डोळे मिटून पेन्सिल टेकवायची, ही १९८४ पासूनच्या ‘लोन वुल्फ’ मालिकेची पद्धतही चालते. फक्त चलाख पोरं चार खेळांत नऊचा कोपरा पाठ करतात, त्यामुळं कागद दर वेळी फिरवायला लावा.

अंधारीसाठी एक खास नियम सुचवण्याजोगा आहे. नोंदीच्या कागदावर धुराचे सहा चौकोन छापा. ज्या परिच्छेदाच्या क्रमांकाशेजारी काळा ठिपका आहे तो वाचला की एक चौकोन खोडायचा. सहाही खोडले गेले की हातातलं सोडून थेट ८७ वर. लढाई नसतानाही धाप लागते.

तू म्हणायचं की तुम्ही

इंग्रजीतून हे पुस्तक आणताना जो प्रश्न पडत नाही तो मराठीत पहिल्याच ओळीला पडतो. ‘तू आत शिरतोस’ लिहिलं की वाचणारी मुलगी बाहेर राहिली. ‘तुम्ही आत शिरता’ लिहिलं तर लिंग सुटतं, पण मजकूर बँकेच्या सूचनेसारखा वाटतो. भुयारात कुणी कुणाला तुम्ही म्हणत नाही.

‘तू’ ठेवा आणि वाक्यं अशी वळवा की क्रियापद वाचणाऱ्याकडं बघणारच नाही. कर्म असलेल्या क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणं चालतो: ‘तू दार उघडलंस’, ‘मशाल उचललीस’, ‘पलिता विझवलास’. मुलगा असो की मुलगी, रूप तेच. आज्ञार्थ आणि भविष्यकाळ तर निर्धास्त वापरा: ‘वाक’, ‘थांब’, ‘पुढं गेल्यावर तुला दिसेल’. अडचण येते ती गेलास, पडलास, घाबरलास, थकलास यांची. तिथं वाक्याचा कर्ता बदला. ‘तू पडलास’ऐवजी ‘तुझा तोल जातो’. ‘तू घाबरलास’ऐवजी ‘तुझ्या छातीत धस्स होतं’. ‘तू चालत राहिलास’ऐवजी ‘बोळ तुला पुढं पुढं नेतो’. आणि गंमत अशी की ही वाक्यं बहुतेक वेळा मूळ वाक्यापेक्षा चांगली वठतात.

पात्रांच्या तोंडीही हा सापळा आहे. ‘कुठं चाललास रं?’ म्हटलं की झालं. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या राखणदाराच्या तोंडी ‘लेकरा’ घाला: ‘लेकरा, दिवा इझवू नगं. वर जाळ लागलाय.’ बोली पात्रांपुरतीच ठेवा. निवेदन आणि नियम प्रमाण भाषेत असू द्यात, कारण नियम समजला नाही तर खेळ अडतो.

परिच्छेद सरासरी ७० शब्दांचा असावा. मरणाचा ४०, गळ्याचा १२० पर्यंत. नमुना पाहा.

‘५८ ● बोळ उजवीकडं वळतो आणि पायाखालची पायरी अचानक संपते. पलित्याच्या उजेडात समोर खिडकीएवढं भगदाड दिसतं. त्यातून गार वारा येतोय. ज्योत मागं झुकते. खालून, फार खालून, पाण्याचा आवाज. पाठीमागं कुणाच्या तरी वहाणा वाजतात. भगदाडातून बाहेर पडायचं असेल तर ९४ वर जा. पलिता विझवून भिंतीला चिकटायचं असेल तर २१ वर जा. वटवाघूळ हा शब्द लिहिला असेल तर १०३ वर जा.’

९४ वर मरण आहे, पण ते आधी सांगितलेलं आहे: पाण्याचा आवाज ‘फार खालून’ येतोय, म्हणजे बाहेर खंदक आहे. लक्ष देऊन वाचणारा वाचतो, घाई करणारा पडतो. असं मरण वाचकाला आवडतं. डावं-उजवं निवडलं आणि काही कारण नसताना छप्पर कोसळलं, असं मरण एकही नको.

क्रमांक मिसळणं

लिहिताना परिच्छेदांना ‘तट-१’, ‘अंधारी-२३’ अशी कामचलाऊ नावं द्या. सगळं लिहून झाल्यावरच क्रमांक. सुरुवात १ आणि मुख्य विजय १२० ठेवायची रीत आहे. विजय शेवटी ठेवला की शेवटचं पान उघडून बघणारे निघतातच. तो ४३ सारख्या आडबाजूच्या क्रमांकावर टाकला तर १२० वर एखादं फसवं मरण ठेवता येतं. बाकीच्या चिठ्ठ्या डब्यात हलवून एकेक काढा. किल्लीच्या युक्तीतले क्रमांक मात्र आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर ६० अधिक १७ कुठंतरी भलतीकडं जाईल.

वहीत तीन रकाने आखा: परिच्छेद, इथं कुठून येता येतं, इथून कुठं जाता येतं. चिठ्ठी निघाली की दोन गोष्टी तपासा. एकाच परिच्छेदातले दोन पर्याय शेजारच्या क्रमांकांवर नकोत, आणि परिच्छेदाचा पुढचा टप्पा त्याच्यापासून दहाच्या आत नको. समोरच्याच पानावर उत्तर दिसतं. जमत नसेल तर चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. संगणकाच्या तक्त्यात यादृच्छिक आकड्यांचा रकाना टाकून क्रम लावता येतो, पण हे दोन नियम यंत्र आपणहून पाळत नाही.

तपासणी

पहिली तपासणी वहीवर. ‘कुठून’चा रकाना रिकामा असलेला परिच्छेद म्हणजे पोरका, १ सोडून असा एकही नको. (७७ आणि ८७ चे रकाने रिकामे दिसतील, तिथं ‘किल्ली’ आणि ‘धूर’ लिहून ठेवा.) ‘कुठं’चा रकाना रिकामा तर ते मरण किंवा शेवटच हवं. मग उलटं चाला: विजयापासून मागं मागं १ पर्यंत या आणि वाटेत लागणारी प्रत्येक वस्तू त्या वाटेवर खरंच मिळू शकते का ते पाहा. सगळ्यात घातक चूक इथंच सापडते, ती म्हणजे दोन अत्यावश्यक वस्तू एकमेकींपासून फुटणाऱ्या दोन वाटांवर असणं. मग पुस्तक जिंकताच येत नाही. तिसरी गोष्ट चक्रं: वाचक पुन्हा त्याच खोलीत आला तर मेलेला पहारेकरी परत उभा राहतो का? खोलीत परत यायची वाट असेल तर पहिल्या भेटीला टिपून ठेवायचा शब्द द्या, किंवा वाटच बंद करा.

दुसरी तपासणी माणसावर. ज्यांनी असं पुस्तक कधी पाहिलं नाही अशा तिघांना द्या, एक तरी शाळकरी असावं. समोर बसा आणि तोंड उघडू नका. कोणत्या परिच्छेदाला ते नियमाचं पान उलटून बघतात, कुठं बोट अडकवतात, कुठं उसासा टाकतात ते क्रमांकासह लिहा. बोट अडकवलेला परिच्छेद चांगला; तिथं निवड खरी आहे. न वाचता घाईनं ओलांडलेला परिच्छेद छाटा.

छपाई

१२० परिच्छेद म्हणजे सुमारे साडेआठ हजार शब्द. ए-५ आकारात, १२ पॉइंटला, नियम आणि नोंदीचा तक्ता धरून साधारण ४४ पानं होतात, म्हणजे ए-४ चे ११ कागद. पानांची संख्या चारच्या पटीतच लागते. पीडीएफ उघडून छपाईत ‘बुकलेट’ निवडा, दोन्ही बाजू, कागद आखूड बाजूनं उलटणारा. लांब बाजू निवडली गेली तर मागची पानं उलटी येतात. आधी चारच पानांचा नमुना काढून दुमडून बघा. झेरॉक्सवाल्याकडं लांब स्टेपलर नसेल तर साधा स्टेपलर उघडून कागद थर्माकोलवर ठेवून टोचा आणि पिना मागून हातानं वाकवा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या दुकानांत अजूनही श्रीलिपी, कृतिदेव असे जुने टंक चालतात. त्यात टाइप केलेला मजकूर मोबाइलवर नेता येत नाही आणि रूपांतर करताना जोडाक्षरं बिघडतात. रूपांतर करावंच लागलं तर सगळे ‘वर जा’चे क्रमांक वहीशी पुन्हा ताडून पाहा. १ आणि ९, ५ आणि ६ फिकट छपाईत एकमेकांसारखे दिसतात, म्हणून क्रमांक ठळक घ्या.

पडद्यावर

वाटा फुटणाऱ्या गोष्टी संगणकावर रचायचं ट्वाइन हे मोफत साधन २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यांनी आणलं. या कामाला ते सगळ्यात सोयीचं. ब्राउझरमध्येही चालतं, पण तिथली गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटात साठते आणि कुणी ‘डेटा साफ’ केला की १२० परिच्छेद गेले. संगणकावर उतरवून घ्या आणि रोज काम संपताना फाइल दुसरीकडं ठेवा.

नवी गोष्ट उघडल्यावर तिच्या तपशिलात मांडणीचा प्रकार निवडता येतो. हार्लो सोपा आहे; पण फासे, नोंदी आणि खेळ जतन करायची तयार सोय हवी असेल तर शुगरक्यूब घ्या. प्रत्येक परिच्छेद म्हणजे एक चौकट. चौकटीचं नाव वहीतला क्रमांकच ठेवा, म्हणजे वही इथंही कामाला येते. दुवा असा लिहायचा: [[भगदाडातून बाहेर पड->९४]]. वाचकाला फक्त बाणाआधीचा मजकूर दिसतो.

इथली नेहमीची चूक अशी की दुव्यात इंग्रजी आकडे आणि चौकटीला देवनागरी आकडे. ट्वाइन तक्रार करत नाही. त्या नावाची नवी कोरी चौकट मुकाट्यानं तयार करतं. नकाशावर बाजूला पडलेल्या रिकाम्या चौकटी दिसल्या की हेच झालंय असं समजा. चौकटींची नावं देवनागरीत चालतात, पण बळ-नशीब साठवणाऱ्या चलांची नावं शुगरक्यूबमध्ये रोमन अक्षरांतच द्यावी लागतात.

फासे टाकताना २ ते १२ मधला एक यादृच्छिक आकडा घेऊ नका. १ ते ६ मधला दोनदा घेऊन बेरीज करा. एकदाच घेतला तर ७ आणि १२ सारख्याच वेळा पडतात, आणि ९ नशिबाची शक्यता ८३ वरून ७३ टक्क्यांवर घसरते, तर ५ नशिबाची २८ वरून ३६ वर चढते. कागदावर बेतलेला सगळा तोल बिघडतो. दोन्ही फासे पडद्यावर वेगळे दाखवा, लागणारा आकडाही दाखवा, आणि ‘फासे टाक’ हे बटण वाचकालाच दाबू द्या. निकाल आपोआप सांगून टाकला की वाचकाला वाटतं यंत्रानंच मारलं. धुराचे सहा चौकोनही कायम डोळ्यांसमोर ठेवा; आत लपलेला हिशेब कुणाला घाबरवत नाही.

आता बोटाचं. शुगरक्यूबच्या बाजूच्या पट्टीत मागं-पुढं जायचे बाण आयते असतात. बरेच जण ते ‘लबाडी होईल’ म्हणून बंद करतात. करू नका, ते बोटच आहे. इंकल या कंपनीनं २०१३ पासून ‘सॉर्सरी!’ ही जुनी मालिका मोबाइलवर आणली, तेव्हा नकाशावर मागच्या ठिकाणी परत जायची सोय उघडपणे दिली, आणि ती आवृत्ती वाखाणली गेली ती काही कमी अवघड असल्यामुळं नव्हे. एकच बंदोबस्त करा: मागं जाऊन पुन्हा पुढं आलं की फासे नव्यानं पडतात, त्यामुळं जीवावरच्या परीक्षेचा निकाल खेळ सुरू होतानाच काढून साठवून ठेवा. निवड मागं घेता यावी, फासा नको.

वटवाघूळसारखे पर्याय यंत्राला पूर्ण लपवता येतात. तरी तसं करण्यापेक्षा न मिळालेला पर्याय राखाडी रंगात, अर्धवट दाखवा: ‘वटवाघूळ हा शब्द तुझ्याकडं असता तर…’ काही हुकलंय हे कळलं तरच दुसरा डाव मांडला जातो. कागदावर ही सोय आपोआप होती.

अक्षराचा आकार १८ ते २० पिक्सेल, ओळींतलं अंतर १.७ पट ठेवा. कमी ठेवलं तर वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला भिडतात. एकेक अक्षर टंकल्यासारखं उमटवणारे परिणाम देवनागरीत टाळा, जोडाक्षरं फुटून काना-मात्रा सुट्या नाचतात. ‘सेव्ह’, ‘रीस्टार्ट’ ही इंग्रजी बटणंही बदलून ‘जतन’, ‘नव्यानं’ करता येतात.

ज्यांचा मजकूर चौकटींपेक्षा सलग संवादांचा जास्त आहे, त्यांनी इंकलनंच २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘इंक’ ही गोष्टी लिहायची संगणकभाषा पाहावी. तिथं नकाशा दिसत नाही, सगळं एका लांब फाइलीत लिहायचं असतं. पहिल्या पुस्तकाला ट्वाइनचा नकाशाच बरा.

वाटप

ट्वाइनमधून निघते ती एकच एचटीएमएल फाइल, चित्रं नसतील तर साधारण एक एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वेगळी ठेवलेली चित्रं तिच्यासोबत जात नाहीत, म्हणून चित्रं फाइलीतच गुंफा किंवा गाळा. व्हॉट्सॲपमधून थेट उघडलेल्या फाइलीत जतन केलेला खेळ टिकेलच असं नाही. आधी डाउनलोडमध्ये उतरवून ब्राउझरनं उघडायला सांगा. इच.आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर ठेवणार असाल तर फाइलचं नाव ‘index.html’ ठेवून झिप करून चढवा, मग दुवा पाठवला की पुरतं.

एक मर्यादा पाळा. फाशांचे नियम कुणीही वापरावेत, पण जुन्या इंग्रजी पुस्तकांचा मजकूर परवानगीशिवाय अनुवादून वाटू नये. नुसती जुनी हौस भागवायची असेल तर ‘लोन वुल्फ’ची पुस्तकं लेखक जो डेव्हर यांच्या परवानगीनं ‘प्रोजेक्ट एऑन’वर मोफत वाचता-खेळता येतात.

पुस्तक लोकांच्या हाती गेल्यावर चुका येतीलच, आणि त्या बहुतेक क्रमांकांच्या असतील. पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख टाका. चूक कळवणाऱ्याकडून दोनच गोष्टी मागा: कोणत्या परिच्छेदातून निघालो आणि कुठं पोहोचलो. फाइल लगेच दुरुस्त होते. छापील प्रतींसाठी दुरुस्तीची चिठ्ठी बोटभर रुंदीची कापून मुखपृष्ठाच्या आत चिकटवा, आणि वहीतल्या तिन्ही रकान्यांत तीच दुरुस्ती करायला विसरू नका.